खेळाडू श्रेष्ठ, पण रचनेत बसणारा?

जुलै २००९ मध्ये बार्सिलोनाने इंटर मिलानकडून झ्लाटान इब्राहिमोविचला करारबद्ध केले, तेव्हा कॅम्प नाऊवर त्याच्या स्वागतासाठी पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. त्या व्यवहारात बार्सिलोनाने सुमारे ४ कोटी ६० लाख युरो मोजले आणि शिवाय सॅम्युएल एटोसारखा कसलेला आघाडीपटू इंटरच्या स्वाधीन केला. आदल्याच मोसमात इब्राहिमोविच २५ गोलांसह इटालियन लीगमधील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला होता. दुसरीकडे बार्सिलोनाने त्याच मोसमात स्पॅनिश लीग, स्पॅनिश चषक आणि चॅम्पियन्स लीग असा तिहेरी मुकुट पटकावला होता. युरोपातील सर्वोत्तम संघाला युरोपातील सर्वोत्तम आघाडीपटूंपैकी एक मिळाला होता. यापेक्षा चांगला योग तो कोणता, असेच कोणालाही वाटले असते.

प्रत्यक्षात अवघ्या तेरा महिन्यांत, ऑगस्ट २०१० मध्ये, बार्सिलोनाने त्याला एसी मिलानकडे उसनवारीवर धाडले. मिलानला तो कायमचा हवा असल्यास २ कोटी ४० लाख युरोंत मिळण्याची सोयही करारात करून ठेवली. इब्राहिमोविच बार्सिलोनात अपयशी ठरला, असे सरसकट म्हणणेही योग्य नाही. लीगच्या पहिल्या पाचही सामन्यांत त्याने गोल केले होते आणि रिअल माद्रिदविरुद्धच्या लढतीतील एकमेव गोलही त्याचाच होता. लीगमध्ये २९ सामन्यांत १६ गोल ही कामगिरी कोणत्याही आघाडीपटूला शोभावी अशीच होती. मग बिनसले कुठे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले, की फुटबॉलमधील एका मूलभूत पण प्रेक्षकांच्या नजरेतून निसटणाऱ्या गोष्टीपाशी येऊन थांबावे लागते. ती गोष्ट म्हणजे खेळाडू आणि संघाची खेळपद्धती यांचा मेळ.

रचना आणि खेळपद्धती

सामना सुरू होण्यापूर्वी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ४-४-२, ४-३-३ किंवा ३-५-२ असे आकडे झळकतात. गोलरक्षक वगळून बचावफळी, मधली फळी आणि आघाडी यांत किती खेळाडू आहेत, एवढेच हे आकडे सांगतात. ही झाली रचना. खेळपद्धती ही त्यापलीकडची गोष्ट आहे. चेंडू आपल्याकडे असताना तो जमिनीलगतच्या छोट्या पासेसनी पुढे न्यायचा की लांब फटका मारून थेट आघाडीपर्यंत पोहोचवायचा, चेंडू गमावल्यावर लगेच प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडायचे की आपल्या अर्ध्या भागात माघारी येऊन तटबंदी उभारायची, बचावफळीने मध्यरेषेजवळ उभे राहायचे की गोलजाळ्याजवळ, अशा असंख्य प्रश्नांची ठरलेली उत्तरे म्हणजे खेळपद्धती.

त्यामुळेच दोन संघ एकाच रचनेत उतरूनही पूर्णपणे भिन्न फुटबॉल खेळू शकतात आणि एकाच नावाच्या जागेवर खेळणाऱ्या दोन खेळाडूंची कामे परस्परविरोधी असू शकतात. कबड्डीत कोपरा सांभाळणारा खेळाडू आणि कव्हरला उभा राहणारा खेळाडू दोघेही बचावपटूच. पण एकाला दुसऱ्याच्या जागी उभे केले तर पकड कशी सुटते, हे मराठी क्रीडारसिकांना वेगळे सांगायला नको. फुटबॉलमध्ये अकरा जण सतत धावत असल्यामुळे हा फरक चटकन डोळ्यांत भरत नाही, इतकेच.

एकाच जागेचे दोन दावेदार

बार्सिलोनाचे प्रशिक्षक पेप गार्डिओला यांची पद्धत ४-३-३ या रचनेवर उभी होती. झावी आणि इनिएस्टा मधल्या फळीतून खेळाची सूत्रे हलवत. आघाडीच्या तिघांकडून दोन अपेक्षा असत. पहिली, सतत जागा बदलून प्रतिस्पर्धी बचावपटूंना आपल्यामागे खेचायचे आणि सहकाऱ्यांसाठी मोकळी जागा निर्माण करायची. दुसरी, चेंडू गमावताच काही सेकंदांत प्रतिस्पर्ध्यावर दबाव आणून तो परत मिळवायचा. एटो ही दोन्ही कामे चोख करत असे. बचावपटूंच्या पाठीमागे मुसंडी मारणे हे त्याचे बलस्थान होते आणि गरज पडल्यास तो उजव्या बगलेवर सरकत असे. २ मे २००९ रोजी माद्रिदमध्ये बार्सिलोनाने रिअलचा ६-२ असा धुव्वा उडवला, त्या सामन्यात गार्डिओला यांनी लिओनेल मेस्सीला आघाडीच्या मध्यभागी आणून एटोला उजवीकडे धाडले होते. मेस्सी मध्यभागातून किंचित मागे येई. रिअलच्या मध्यवर्ती बचावपटूंना त्याच्यामागे जावे की आपली जागा धरून ठेवावी, हेच कळेनासे झाले.

इब्राहिमोविचचा खेळ निराळ्या मुशीतला होता. जवळपास साडेसहा फूट उंचीच्या या खेळाडूला चेंडू पायात हवा असे. पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू अडवून धरायचा, सहकारी वर येईपर्यंत थांबायचे आणि मग पास द्यायचा की स्वतः फटका मारायचा याचा निर्णय घ्यायचा, ही त्याची हातोटी होती. इंटरमध्ये संघाचे आक्रमण त्याच्याभोवतीच फिरत असे. बार्सिलोनात मात्र तो जिथे उभा राहू पाहत होता, नेमकी तीच मध्यभागातील जागा मेस्सीला हवी होती. एप्रिल २०१० मध्ये आर्सेनलविरुद्धच्या चॅम्पियन्स लीगच्या परतीच्या लढतीत दुखापतीमुळे इब्राहिमोविच खेळू शकला नाही. मेस्सीने त्या सामन्यात एकट्याने चार गोल झळकावले. त्याच महिन्यात उपांत्य फेरीत इंटरविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत गार्डिओला यांनी इब्राहिमोविचला दुसऱ्या सत्रात मैदानाबाहेर बोलावले. इंटरने ती फेरी ३-२ अशा एकत्रित गोलफरकाने जिंकली.

विशेष म्हणजे त्या इंटर संघात एटो होता. प्रशिक्षक होजे मोरिन्यो यांनी त्याला बगलेवर खेळवले. बार्सिलोनातील दुसऱ्या लढतीत इंटरचा एक खेळाडू पूर्वार्धातच बाद झाल्यावर तर एटोने जवळजवळ बचावपटूचीच भूमिका बजावली. पुढच्या महिन्यात इंटरने चॅम्पियन्स लीग जिंकली. गोलांच्या हिशेबात पाहिल्यास इंटरने मोठा खेळाडू देऊन दुसरा घेतला होता. खेळपद्धतीच्या हिशेबात मात्र त्याला हवा तोच खेळाडू मिळाला होता.

इब्राहिमोविच गेल्यानंतरच्या मोसमात बार्सिलोनाने मेस्सीला कायमस्वरूपी मध्यभागी आणले आणि व्हॅलेन्सियाकडून घेतलेल्या डेव्हिड व्हियाला डाव्या बाजूला उभे केले. व्हिया स्वतः अव्वल दर्जाचा मध्यवर्ती आघाडीपटू. पण बगलेवरून आत धावणे आणि जागा मोकळी करून देणे हे काम त्याने स्वीकारले. मे २०११ मध्ये वेम्बली येथील चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाने मँचेस्टर युनायटेडला ३-१ असे नमवले, तेव्हा पेद्रो, मेस्सी आणि व्हिया या आघाडीच्या तिघांनीही प्रत्येकी एक गोल केला.

एकच संघ, दोन नशिबे

बार्सिलोनात न रुळलेला इब्राहिमोविच मिलानमध्ये मात्र पहिल्याच वर्षी यशस्वी ठरला. प्रशिक्षक मॅसिमिलियानो अलेग्री यांनी त्याला आक्रमणाचा केंद्रबिंदू केले. चेंडू त्याच्याकडे पोहोचवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या अवतीभोवती धावायचे. २०१०-११ मध्ये मिलानने सात वर्षांनंतर इटालियन लीगचे विजेतेपद मिळवले. इब्राहिमोविचने १४ गोल केले. खेळाडू तोच होता, त्याचे गुणदोषही तेच होते. बदलली होती ती केवळ त्याच्याकडून असलेली अपेक्षा.

याच विजयी मोसमात याच संघातील दुसऱ्या एका दिग्गजाच्या वाट्याला मात्र नेमका उलट अनुभव आला. तो खेळाडू म्हणजे आंद्रेआ पिर्लो. पिर्लोची कारकीर्द हा तर या विषयाचा वस्तुपाठच म्हणावा लागेल. ब्रेशियात घडलेला पिर्लो १९९८ मध्ये इंटरमध्ये दाखल झाला तो आघाडीच्या मागे खेळणारा कल्पक मध्यरक्षक म्हणून. त्या जागेवर प्रतिस्पर्धी अंगाला चिकटून असतात आणि विचार करायला क्षणभराचीही उसंत मिळत नाही. पिर्लोकडे वेग नव्हता आणि अंगबळही बेताचेच होते. इंटरमध्ये तो स्थिरावू शकला नाही. २००१ च्या प्रारंभी तो उसनवारीवर ब्रेशियात परतला. तिथे आघाडीच्या मागची जागा खुद्द रॉबर्टो बॅजिओकडे होती. प्रशिक्षक कार्लो मॅझोने यांनी पिर्लोला थेट बचावफळीच्या पुढ्यात, म्हणजे तीस-चाळीस मीटर मागे आणून उभे केले.

या एका बदलाने पिर्लोचा उणेपणाच नाहीसा झाल्यासारखा झाला. इतक्या मागे त्याच्यावर दबाव आणणारे प्रतिस्पर्धी कमी होते, समोर संपूर्ण मैदान दिसत होते आणि त्याचे अचूक लांब पास आता थेट आघाडीपर्यंत पोहोचत होते. त्याच वर्षी तो एसी मिलानमध्ये गेला. तेथे प्रशिक्षक कार्लो अँचेलोटी यांनी ही जागा पक्की केली आणि त्याच्या शेजारी गेनारो गट्टुसो हा चिवट, धावरा, चेंडू हिसकावून घेण्यात वाकबगार असा खेळाडू ठेवला. पिर्लोला जे जमत नव्हते ते गट्टुसो करी आणि गट्टुसोला जे जमत नव्हते ते पिर्लो. मिलानने २००३ आणि २००७ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली. २००६ मध्ये इटलीने विश्वचषक जिंकला, त्या संघातही हीच जोडी होती.

अलेग्री यांच्या मिलानमध्ये मात्र बचावफळीपुढील जागेवर चेंडू हिसकावणारा, शरीराने भक्कम खेळाडू हवा होता. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या मार्क व्हॅन बोमेलने ती जागा घेतली. दुखापतींनी बेजार झालेल्या पिर्लोला वाव कमी होत गेला आणि मोसम संपल्यावर करार संपल्यामुळे तो एकही युरो न घेता युव्हेन्टसला मिळाला. तेव्हा त्याचे वय ३२ होते. युव्हेन्टसचे नवे प्रशिक्षक अँटोनियो काँटे हे दोन मध्यरक्षक आणि पुढे चौघे अशा ४-२-४ रचनेचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले जात. परंतु पिर्लो, आर्तुरो विडाल आणि क्लॉडिओ मार्किसिओ या तिघांना एकत्र खेळवता यावे यासाठी त्यांनी आपली आवडती रचना बाजूला ठेवली आणि मधल्या फळीत तिघांची योजना केली. पिर्लो पास देणार, विडाल आणि मार्किसिओ त्याच्या दोन्ही अंगांनी धावणार, अशी ही विभागणी होती. २०११-१२ मध्ये युव्हेन्टसने लीगमधील ३८ पैकी एकही सामना न गमावता विजेतेपद मिळवले. पिर्लो तेथे असेपर्यंतच्या चारही मोसमांत लीग युव्हेन्टसकडेच राहिली.

अलेग्री चुकले असे यावरून म्हणता येणार नाही, कारण त्यांचा संघही विजेताच ठरला होता. त्यांच्या पद्धतीत पिर्लोला जागा नव्हती आणि काँटे यांनी त्याच्यासाठी पद्धतच बदलली, एवढाच याचा अर्थ.

न दिसणारे काम

मेळ जमवताना सर्वाधिक फसगत होते ती न दिसणाऱ्या कामाच्या बाबतीत. गोल, गोलसाहाय्य, चकवे या गोष्टी सर्वांना दिसतात. योग्य वेळी योग्य जागी उभे राहून धोका निर्माण होण्यापूर्वीच तो टाळणाऱ्या खेळाडूचे काम मात्र, तो गेल्यावरच लक्षात येते. २००३ च्या उन्हाळ्यात रिअल माद्रिदने डेव्हिड बेकहॅमला संघात घेतले. झिदान, फिगो, रोनाल्डो, राऊल, रॉबर्टो कार्लोस अशा ताऱ्यांच्या मांदियाळीत आणखी एका ताऱ्याची भर पडली. त्याच सुमारास बचावात्मक मध्यरक्षक क्लॉद माकेलेले चेल्सीला विकला गेला. वेतनवाढीची त्याची मागणी क्लबने मान्य केली नव्हती.

माकेलेलेचे काम साधे होते. रॉबर्टो कार्लोससारखे बगलेवरील बचावपटू पुढे धावले, की मागे राहिलेली पोकळी भरून काढायची. चेंडू मिळाला की जवळच्या सहकाऱ्याला द्यायचा. झिदान आणि फिगो यांना बचावाची चिंता न करता खेळता येत होते ते याच कामाच्या बळावर. बेकहॅम निःसंशय गुणी खेळाडू होता, पण त्याला हे काम करायला सांगणे म्हणजे सतारवादकाला तबल्यावर बसवण्यासारखे होते. २००२-०३ मध्ये लीग जिंकताना रिअलने ४२ गोल स्वीकारले होते. पुढच्या मोसमात हा आकडा ५४ वर गेला. बराच काळ आघाडीवर असलेला हा संघ लीगचे अखेरचे पाचही सामने हरला आणि चौथ्या स्थानावर घसरला. चेल्सीने मात्र २००४-०५ मध्ये माकेलेलेला मधल्या फळीच्या तळाशी ठेवून ३८ सामन्यांत केवळ १५ गोल स्वीकारले आणि इंग्लिश लीग जिंकली.

हाती असलेल्यांतून पद्धत

संघाच्या पद्धतीला साजेसे खेळाडू शोधायचे, हा एक मार्ग. त्यासाठी पैसा आणि वेळ दोन्ही लागतात. ते नसल्यास दुसरा मार्ग उरतो. हाती असलेल्या खेळाडूंना काय येते आणि काय येत नाही हे पाहून पद्धत आखायची. २०१५-१६ मधील लेस्टर सिटी हे त्याचे ठळक उदाहरण. आदल्या मोसमात प्रीमियर लीगमधून पदावनती कशीबशी टाळलेल्या या संघाच्या विजेतेपदावर सट्टेबाजांनी पाच हजारास एक असा भाव दिला होता.

प्रशिक्षक क्लॉडिओ रॅनिएरी यांच्याकडे वेस मॉर्गन आणि रॉबर्ट हुथ हे मध्यवर्ती बचावपटू होते. दोघेही धिप्पाड, हवेतील चेंडूवर हुकमत असलेले, पण वेगात कमी. त्यांना मध्यरेषेजवळ उभे केले असते तर पाठीमागच्या मोकळ्या मैदानात प्रतिस्पर्ध्यांनी त्यांना सहज मागे टाकले असते. म्हणून बचावफळी गोलजाळ्याजवळ राहिली. मोसमाच्या सुरुवातीला गोल फार स्वीकारले जात होते. आर्सेनलकडून सप्टेंबरमध्ये ५-२ अशी हार पत्करल्यानंतर रॅनिएरी यांनी बगलेवर डॅनी सिम्पसन आणि ख्रिस्तियन फुक्स या बचावाला प्राधान्य देणाऱ्या खेळाडूंची योजना केली. आघाडीवर जेमी वार्डी होता. त्याचे पासिंग असामान्य नव्हते, परंतु मोकळ्या मैदानात त्याचा वेग घातक ठरे. संघ मागे राहिला की प्रतिस्पर्धी पुढे येत आणि वार्डीला हवी असलेली मोकळी जागा आपोआप तयार होई. रियाद माहरेझचा डावा पाय त्या जागेत चेंडू पोहोचवी. बहुतेक सामन्यांत लेस्टरकडे चेंडूचा ताबा प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी असे, तरीही त्यांनी ६८ गोल केले. वार्डीचे त्यात २४ होते.

या सगळ्याला जोडणारा दुवा होता तो एन्गोलो कान्टे. ४-४-२ मध्ये मधल्या फळीच्या केंद्रस्थानी दोघेच असल्यामुळे तिघांची मधली फळी असलेल्या संघापुढे ते अपुरे पडतात, हा या रचनेचा जुना दोष आहे. कान्टेची धाव आणि चेंडू हिसकावण्याची क्षमता एवढी होती, की तो दोष जाणवलाच नाही. २०१६ मध्ये कान्टे चेल्सीकडे गेला. रॅनिएरी, वार्डी, माहरेझ, मॉर्गन, हुथ सारे तेथेच होते आणि तरीही लेस्टरची घसरण सुरू झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये रॅनिएरी यांना पद सोडावे लागले आणि संघ बाराव्या स्थानी राहिला. घसरणीची कारणे अनेक असतील. परंतु एका खेळाडूवर बेतलेली पद्धत त्या खेळाडूविना किती डळमळीत होते, हे त्यातून दिसले. कान्टे मात्र चेल्सीकडून सलग दुसऱ्या वर्षी विजेता ठरला.

मुंबईचा अनुभव

ही सारी उदाहरणे युरोपातील असली, तरी आपल्याकडेही अशी एक ताजी आठवण आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीची बहुसंख्य मालकी घेतली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एफसी गोवाचे माजी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांची नियुक्ती झाली. करोनाच्या साथीमुळे २०२०-२१ चा संपूर्ण मोसम गोव्यात प्रेक्षकांविना व्हायचा होता आणि पहिला सामना नोव्हेंबरमध्येच होता. बार्सिलोनाच्या युवा व्यवस्थेत काम केलेल्या लोबेरा यांची पद्धत मागून छोट्या पासेसनी चेंडू वर आणण्याची. ती अंगवळणी पडायला वेळ लागतो आणि वेळ तर हाती नव्हताच.

यावर उपाय म्हणून मुंबईने गोव्यात लोबेरा यांच्या हाताखाली खेळलेल्या खेळाडूंनाच मुंबईत आणले. मधल्या फळीच्या तळाशी राहून लांब पासेसनी खेळाची दिशा बदलणारा अहमद जाहू, मध्यवर्ती बचावपटू मुर्तदा फॉल, आघाडीच्या मागे खेळणारा ह्युगो बूमूस आणि गोव्याचा मंदार राव देसाई हे ते चौघे. मंदार मूळचा डाव्या बगलेवरील आक्रमक खेळाडू. गोव्यात असताना लोबेरा यांनी त्याला मागे आणून डावा बचावपटू केले होते. चेंडू आपल्याकडेच ठेवणाऱ्या संघात बगलेवरील बचावपटूचा अर्धा वेळ आक्रमणातच जातो, त्यामुळे त्याचे मूळ कौशल्य वाया गेले नाही. कोणी कधी कुठे धावायचे, हे या चौघांना सांगावे लागणार नव्हते. उलट तेच इतरांना सांगणार होते.

साखळी फेरीच्या अखेरच्या सामन्यात मुंबईने एटीके मोहन बागानला २-० असे नमवले. दोन्ही संघांचे ४० गुण झाले आणि परस्परांतील लढतींच्या निकषावर मुंबईला लीग शिल्ड मिळाली. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्डा येथील अंतिम सामन्यातही याच प्रतिस्पर्ध्याला २-१ असे हरवून मुंबईने विजेतेपदावर नाव कोरले. येथे दुसरी बाजूही विसरता कामा नये. मोहन बागानचे प्रशिक्षक अँटोनियो हबास यांची पद्धत लोबेरा यांच्या अगदी विरुद्ध होती. भक्कम बचाव, संयम आणि संधी मिळताच रॉय कृष्णाच्या वेगावर आधारलेला प्रतिहल्ला हे तिचे स्वरूप. तरीही साखळीत दोघांचे गुण समान राहिले. म्हणजे एक पद्धत श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असे नव्हते; दोघांनीही आपापल्या पद्धतीला साजेसे खेळाडू उभे केले होते.

आकड्यांची मर्यादा

अलीकडे मोठे क्लब खेळाडू निवडताना सामन्यांतील बारीकसारीक नोंदींचा आधार घेतात. दबावाखाली किती पास अचूक गेले, किती वेळा चेंडू हिसकावला, किती अंतर वेगाने धावला, अशा तपशिलांचे तक्ते तयार होतात. ते उपयुक्त निश्चितच आहेत. पण ते वाचताना एक भान ठेवावे लागते. खेळाडूचे आकडे हे त्याच्या जुन्या संघाच्या पद्धतीत जन्मलेले असतात. इंटरमधील इब्राहिमोविचचे २५ गोल खरेच होते. परंतु संपूर्ण आक्रमण त्याच्याभोवती फिरत असताना झालेले ते गोल होते. तीच स्थिती नव्या संघात असणार आहे का, हा प्रश्न तक्ता विचारत नाही. तो प्रशिक्षकाने आणि क्लबच्या संचालकांनी विचारायचा असतो.

म्हणूनच खेळाडू घेताना जाणकार काही गोष्टी आवर्जून पाहतात. चेंडू पायात नसताना तो काय करतो. त्याच्या शेजारी कोण खेळणार आहे आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो का. त्याला हवी असलेली जागा आधीच दुसऱ्या कोणाची नाही ना. आणि भूमिका बदलायची वेळ आली तर ती स्वीकारण्याची त्याची तयारी आहे का. यातील शेवटची बाब तंत्रापेक्षा स्वभावाची आहे. चेल्सीचा व्हिक्टर मोझेस हा बगलेवरचा आक्रमक खेळाडू सलग तीन मोसम तीन वेगवेगळ्या संघांकडे उसनवारीवर गेला होता. २०१६ मध्ये काँटे चेल्सीत आले, आर्सेनलकडून झालेल्या ३-० अशा पराभवानंतर त्यांनी ३-४-३ ही रचना स्वीकारली आणि मोझेसला उजवी बगल मागपासून पुढपर्यंत एकट्याने सांभाळायला दिली. बचावाचे कष्ट त्याने विनातक्रार उपसले. त्यानंतर चेल्सीने लीगमध्ये सलग १३ सामने जिंकले आणि मोसमअखेर विजेतेपदही.

खेळाडूच्या दृष्टीने हा विषय केवळ डावपेचांचा नाही. फुटबॉलपटूची कारकीर्द जेमतेम पंधरा वर्षांची. चुकीच्या संघात गेलेली दोन वर्षे म्हणजे त्या कारकिर्दीचा मोठा हिस्सा. इब्राहिमोविचसारख्या नामवंताला दुसरा मोठा क्लब लगेच मिळतो. एकविशीतल्या, नाव नसलेल्या खेळाडूवर मात्र ‘जमले नाही’ असा शिक्का बसतो आणि तो कुठल्या जागेवर, कुणाच्या शेजारी आणि कोणत्या कामासाठी उभा केला होता, हे कोणी विचारत नाही. मॅझोने यांच्या संघात बॅजिओ नसता, तर पिर्लोला मागे आणण्याची गरजच त्यांना भासली नसती आणि इंटरमध्ये न जमलेला एक मंदगती मध्यरक्षक एवढीच कदाचित त्याची ओळख उरली असती.